दिवस शून्य

आईच्या लग्नातली अंगठी आमच्याकडे दोन तुकड्यांत आहे. कुंकवाच्या जुन्या करंड्यात, कापसावर ठेवलेली. सोनाराने ती बोटातच कापली होती. पेर इतकं सुजलं होतं की साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला, तरी अंगठी जागची हलेना. मी तेव्हा सहा वर्षांची. दुकानातल्या लाकडी पाटावर आईचा हात, त्यावर वाकलेला सोनार आणि आईची भिंतीवरच्या कॅलेंडरकडे लागलेली नजर, एवढं मला स्वच्छ आठवतं. नंतर कित्येक वर्षं मला वाटायचं की आजार त्या दुकानातच सुरू झाला.

गावाकडे त्याला आमवात म्हणत, शेजारच्या काकू नुसतं 'वाताचं' म्हणत, आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर रुमॅटॉइड आर्थ्रायटिस लिहिलं. म्हातारपणी गुडघे झिजतात तो संधिवात वेगळा. इथे झीज नसते, हल्ला असतो. शरीराचं स्वतःचंच रक्षक दल सांध्याच्या आतल्या अस्तरात ठाण मांडतं आणि हाडाचा काठ, हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी म्हणजे कूर्चा, जे समोर येईल ते कुरतडत सुटतं. पुण्याच्या पुढे सोलापूर रस्त्यावर भिगवण लागतं. त्या गावात १९९६ साली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी झाली, तेव्हा हा आजार साधारण दोनशे माणसांत एकाला दिसला. दोनशे म्हणजे आमची वाडी. वाडीतली ती एक म्हणजे आई.

वीस वर्षांनी मी पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत प्रकल्प सहायक म्हणून लागले, आणि नशिबाने म्हणा किंवा माझ्याच हट्टाने म्हणा, वाट्याला आला तो उंदरांचा संधिवात.

पहिल्या दिवशी सरांनी फळ्यावर एक आडवी रेघ ओढली. डाव्या टोकाला शून्य, मध्ये एकवीस, उजवीकडे बेचाळीस. "दिवस शून्यला इंजेक्शन, एकविसाव्या दिवशी बूस्टर, त्यानंतर पाय बघायचे." बस. आजाराची अख्खी कुंडली त्या रेघेवर मांडलेली. मी वहीत ती उतरवून घेतली आणि शून्याखाली दोनदा अधोरेखित केलं. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

पद्धत जुनी आहे. १९७७ साली ट्रेन्थम, टाउन्स आणि कांग या तिघांनी दाखवलं की कूर्चेतलं मुख्य प्रथिन, म्हणजे टाइप टू कोलेजन, तेलाच्या इमल्शनमधून उंदरांच्या मोठ्या भावंडांना, म्हणजे रॅटना टोचलं तर त्यातल्या सुमारे ४० टक्क्यांचे सांधे सुजतात. कातडीतलं किंवा हाडातलं कोलेजन टोचून असं होत नाही. ते कूर्चेतलंच लागतं, आणि तेही न बिघडलेलं. कोलेजन म्हणजे तीन धाग्यांचा पीळ. गरम केलं की पीळ सुटतो, मागे जिलेटिन उरतं आणि त्याने काही होत नाही. (पायाचं सूप पिऊन सांधे सुधारतात की बिघडतात असं मला नातेवाईक अजून विचारतात. तासभर उकळलेल्या पायांत पीळ कुठला शिल्लक राहायला?) तीन वर्षांनी, १९८० साली, हेच छोट्या उंदरांत जमलं आणि डीबीए-वन नावाची जात या कामाची राणी झाली. खरं तर राजा म्हणायला हवं, कारण बहुतेक नर वापरतात. राखाडी-तपकिरी, दिसायला शांत, आणि एका पिंजऱ्यात ठेवले की एकमेकांच्या शेपट्या चावणारे.

दिवस शून्यच्या आदल्या रात्री कोलेजन विरळ अ‍ॅसिटिक आम्लात टाकून फ्रिजमध्ये फिरत ठेवायचं. सकाळी झाकण उघडलं की लोणच्याच्या बरणीसारखा आंबूस वास. मग बर्फावर दोन काचेच्या सिरिंज, त्यांना जोडणारी पोलादी नळी. एकीत कोलेजन, दुसरीत फ्रॉइंडचं अ‍ॅडज्युव्हंट. हे या अंगाचं त्या अंगाला ढकलत राहायचं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, अंगठ्याचं मूळ भरून येईपर्यंत. हळूहळू ते पांढरं होतं, मग श्रीखंडाच्या चक्क्यासारखं घट्ट. तयार झालं का बघायला थेंबभर पाण्यात टाकायचा. पसरला तर कच्चं. मण्यासारखा तरंगत राहिला तर झालं. लाडवाचा पाक बघताना आई नेमकं हेच करायची.

आणि फ्रॉइंडचं अ‍ॅडज्युव्हंट म्हणजे काय? खनिज तेलात घोटलेले क्षयाचे मेलेले जंतू. रोग द्यायची ताकद त्यांच्यात नसते, पण त्यांची चाहूल लागली तरी रोगप्रतिकार यंत्रणेची झोप उडते. एरवी कोलेजन दिसलं तर शरीर ढुंकून बघत नाही. हे जंतू सोबत असले की तेच शरीर कोलेजनकडे संशयाने बघायला लागतं. मराठीत याला फार चांगला शब्द आहे. हे जंतू बिब्बा घालतात. चार्ल्स जेनवे या शास्त्रज्ञाने १९८९ साली अ‍ॅडज्युव्हंटला प्रतिकारशास्त्रज्ञांचं 'लाजिरवाणं छोटं गुपित' म्हटलं होतं. मला बिब्बा जास्त पटतो.

प्राण्यांच्या खोलीतले मामा उंदीर धरायचे. चिमटीत मानेची कातडी, करंगळीखाली शेपटी, उंदीर जणू कपड्याच्या दोरीवर वाळत घातलेला. मी शेपटीच्या मुळाशी कातडीत सुई सरकवायची. पांढरा फुगवटा उठला म्हणजे बरोबर. माझा हात थरथरला की मामा म्हणायचे, "ताई, तुम्ही घाबरला की त्याला कळतं." मग आम्ही दोघं थांबायचो.

पण माझं काम नुसतं आजार देण्याचं नव्हतं. आजार येऊच नये असं काही करता येतं का, ते बघायचं होतं. त्यासाठी अर्ध्या उंदरांना दिवस शून्यच्या आधी काही दिवस तेच कोलेजन पाजायचं, तोंडातून थेट पोटात जाणाऱ्या, टोकाला गोल मणी असलेल्या सुईने. तेच कोलेजन. टोचलं तर शत्रू, पाजलं तर पाहुणा.

हे आईला फोनवर सांगितलं तेव्हा तिला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "काजूचं नाही का तसंच?" ती म्हणाली. तिचं माहेर राजापूरकडचं. काजूच्या सालीचा चीक अंगावर उडाला की कातडी सोलून निघते, बिब्बा उतला की माणूस आठवडाभर तोंड लपवून बसतो. काजू, बिब्बा, आंब्याचा चीक, सगळं एकाच कुळातलं. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर, कमरेवर पुरळ उठायचं, कारण धोबी त्यांच्या कपड्यांवर बिब्ब्याच्या रसाने खुणा करत. अमेरिकेतली पॉयझन आयव्ही नावाची वेलही याच कुळातली, आणि १८२९ साली डेकिन नावाच्या माणसाने लिहून ठेवलंय की तिथले मूळ रहिवासी तिची पानं चघळतात म्हणजे मग तिचा त्रास होत नाही. आईच्या आजीचं असंच काहीसं म्हणणं होतं: लहानपणापासून गोडंब्या, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या बिया, खाल्लेल्याला बिब्बा उतत नाही. आजीचं खरं होतं का, ते कुणी तपासलेलं मला माहीत नाही. कुणी घरी करून बघू नये, बिब्बा भलताच तापट असतो. पण आजीचा प्रश्न बरोबर होता.

प्रयोगशाळेत तो प्रश्न १९११ साली आला. गिडियन वेल्स यांनी गिनिपिगना आधी एखादं प्रथिन खाऊ घातलं आणि मग तेच टोचलं. न खाल्लेले गिनिपिग धाप लागून मरत, खाल्लेले वाचत. १९४६ मध्ये मेरिल चेस यांनी कातडीवर पुरळ उठवणारं रसायन गिनिपिगना आधी खाऊ घातलं, तर पुढे ते कातडीवर लावूनही काही होईना. विचार केला तर यात चमत्कार नाही. आपण आयुष्यभर टनावारी परकं प्रथिन गिळतो: डाळ, मासे, अंडी, दूध. त्या प्रत्येकावर शरीर तुटून पडलं तर जेवण हीच रोजची लढाई होईल. त्यामुळे आतड्याभोवतीच्या पेशी समोर आलेल्या गोष्टीची आधी नीट ओळख करून घेतात, आणि सोबत धोक्याची चाहूल नसली तर निरोप धाडतात: हे घरचं समजा. थोडं थोडं पाजलं तर त्या वस्तूवर लक्ष ठेवून इतरांना आवरणाऱ्या पेशी तयार होतात. एकदम खूप दिलं तर त्या वस्तूवर चिडणाऱ्या पेशीच गळून पडतात किंवा सुन्न होतात.

थोडं थोडं पाजण्यातली गंमत पुढे बोस्टनच्या प्रयोगांत कळली. आवरणाऱ्या पेशींना खरा गुन्हेगार माहीत असण्याची गरजच नसते. माणसाच्या संधिवातात शरीर मुळात कोणत्या प्रथिनावर चिडलं ते नेमकं सांगता येत नाही. पण आवरणाऱ्या पेशींना कोलेजन ओळखता येत असेल, तर कोलेजन जिथे आहे तिथे, म्हणजे सांध्यात, त्या थांबतात आणि शांत करणारी रसायनं सोडतात. आजूबाजूला कोण कशावरून भांडतंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. चाळीत भांडण पेटलं की एखादी म्हातारी नुसती खुर्ची टाकून मध्ये बसते आणि आवाज खाली येतात, तसं काहीसं.

या आवरणाऱ्या पेशींची गोष्टही उंदरांचीच. १९६९ साली जपानमध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी तीन दिवसांच्या उंदरांची थायमस ग्रंथी काढून टाकली. ग्रंथी गेली म्हणजे प्रतिकार कमी व्हायला हवा. झालं उलटंच, शरीर स्वतःच्याच अवयवांवर उठलं. म्हणजे त्या ग्रंथीतून फक्त शिपाई बाहेर पडत नव्हते, त्यांना धरून ठेवणारेही बाहेर पडत होते. शिमोन साकागुची यांनी १९९५ साली त्या पेशी नेमक्या ओळखल्या. मेरी ब्रंकाव आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये 'स्कर्फी' नावाच्या उंदरांत, जे नर खवल्यांच्या कातडीचे जन्मतात आणि काही आठवड्यांत मरतात, बिघडलेलं जनुक शोधलं. तिघांना २०२५ चं नोबेल मिळालं. आईने बातमी वाचून चष्मा काढला आणि म्हणाली, "उंदरांचं नाव कुठेच नाही गं यात."

या सगळ्याला मराठीत 'प्रतिकार सहिष्णुता' म्हणतात आणि मला तो शब्द सलतो. सहिष्णुता म्हटलं की सोसणं आलं, आणि सोसणं म्हणजे काय ते मी स्वयंपाकघरात पाहिलं आहे. कुकरचं झाकण दोन तळव्यांमध्ये दाबून फिरवणारी, दुधाची पिशवी दातांनी फाडणारी, सकाळी दीड तास मूठ वळत नसताना 'काही नाही, थंडी आहे' म्हणणारी आई सोसत होती. पाजलेल्या उंदराचं शरीर काही सोसत नाही. ते कोलेजन ओळखतं, त्यावर पेशी राखतं, रोज त्यांना कामावर ठेवतं. त्या आवरणाऱ्या पेशी, CD25 नावाच्या खुणेवरून ओळखून, काढून घेतल्या की उंदराला तोच संधिवात लवकर येतो आणि जोरात येतो. सहनशीलता संपली असं तिथे कुणी म्हणत नाही. पहारेकरी नेले, इतकंच.

आता माझी फजिती.

पहिल्या फेरीत सगळं नीट झालं असं मला वाटलं. पाजून झालं, टोचून झालं, बूस्टर झाला. पंचविसाव्या दिवसापासून रोज सकाळी पिंजरे काढून पाय बघायचे. प्रत्येक पायाला शून्य ते चार गुण, चारही पाय पूर्ण सुजले तर सोळा. पाजलेले उंदीर ठणठणीत. तिसावा दिवस, ठणठणीत. मी हरखले. पस्तिसाव्या दिवशी सर आले, त्यांनी माझी वही चाळली आणि विचारलं, "आणि न पाजलेले?"

न पाजलेलेही ठणठणीत होते. दोघातिघांचं एखादं बोट लाल, बस. माझं इमल्शन फुटलं होतं. थेंब मण्यासारखा तरंगला तेव्हा मी मान डोलावली, पण मिनिटभर थांबून तो टिकतो का ते बघितलंच नव्हतं. ज्यांना आजार आलाच नाही, त्यांना वाचवलं असं कसं म्हणणार? दोन महिने पाण्यात.

दुसऱ्या फेरीत मी अंगठा सुजेपर्यंत घोटलं. आणि बूस्टरनंतर रोज सकाळी, प्राण्यांच्या खोलीबाहेर चपला काढून निळे बूट चढवताना, माझ्या मनात एकच धावा असे: आज तरी सुजू देत. न पाजलेल्या उंदरांची बोटं आईच्या बोटांसारखी उठावीत म्हणून मी देव पाण्यात घालून बसले होते. अठ्ठाविसाव्या दिवशी मामांनी पहिला पिंजरा उघडला, एक उंदीर हातावर घेतला आणि मागचा पाय माझ्याकडे केला. घोटा गुलाबीचा लाल झाला होता, पाऊल फुगून बोटांमधल्या फटी बुजल्या होत्या. मी कॅलिपर लावला. उंदराने पाय ओढून घेतला. आई ओढून घेते तसाच, आधी दुखू नये म्हणून नाही, दुखल्यावर, उशिरा.

"आला बघा तुमचा रिझल्ट," मामा म्हणाले.

मला आनंद झाला होता. तो लपवायचा कुठे ते कळेना, म्हणून मी आकडा लिहून घेतला.

पाजलेल्या गटात आजार कमी होता. अजिबात नाही असं नव्हे. काहींना आलाच नाही, काहींना आठवडाभर उशिरा आणि हलका आला. जगात आधीच बऱ्याच जणांनी दाखवलेलं होतं तेच मी पुन्हा दाखवलं होतं. १९८६ साली रॅटमध्ये आणि उंदरांमध्ये, दोन्हीकडे पाजलेल्या कोलेजनने संधिवात अडतो हे छापून आलं होतं. मेम्फिसमध्ये तर नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांना कोलेजनचे तुकडे देऊन, त्यातला नेमका कुठला तुकडा मोठेपणी त्यांना वाचवतो, हे १९८९ मध्ये शोधलं गेलं. जन्मतःच ओळख करून दिलेलं परकं पुढे परकं राहत नाही, ही कल्पना त्याहून जुनी आणि तिचा उगम गोठ्यात आहे. जुळ्या वासरांना पोटात एकच रक्तप्रवाह मिळतो आणि जन्मभर दोघांच्या अंगात दोघांच्या रक्तपेशी गुण्यागोविंदाने नांदतात, हे रे ओवेन यांनी १९४५ मध्ये पाहिलं. पुढे मेडावार आणि सहकाऱ्यांनी पोटातल्या उंदरांना परक्या पेशी टोचून १९५३ मध्ये सिद्ध केलं की मोठेपणी ते त्या दात्याची कातडीही स्वीकारतात. बर्नेट यांच्या जोडीने मेडावार यांना १९६० चं नोबेल मिळालं.

निकाल घेऊन मी दिवाळीत घरी गेले. लॅपटॉपवर आईला आलेख दाखवला: लाल रेघ न पाजलेल्यांची, हिरवी पाजलेल्यांची. तिने बराच वेळ बघितलं.

"यांना आधी पाजलं," ती म्हणाली. "आजारी पडल्यावर पाजलं तर?"

हा प्रश्न आमच्या ग्रुप मीटिंगमध्ये कुणीतरी हळू आवाजात विचारायचं आणि सर "हं" म्हणायचे. आजार मुरल्यावर पाजलं की उंदरांतही गुण फारसा येत नाही. चिडलेल्या पेशींची आठवण पक्की झालेली असते, सांध्यात दाह असतो, आणि दाह म्हणजे पुन्हा बिब्बाच. अशा गर्दीत ओळख करून द्यायला गेलं तर आगीत तेल पडायचीही भीती.

माणसांवर करून बघितलं नाही असं नाही. १९९३ साली बोस्टनमध्ये ट्रेन्थम यांनीच, त्या १९७७ च्या शोधातल्या पहिल्या माणसाने, गंभीर संधिवाताच्या ६० रुग्णांना तीन महिने कोंबडीच्या कूर्चेतलं कोलेजन किंवा रिकामं औषध पाजलं. मात्रा नखाएवढी, पहिला महिना रोज एक दशांश मिलिग्रॅम, मग अर्धा. कोलेजनवाल्यांची सूज कमी झाली आणि चौघांचा आजार पूर्ण शमला. 'सायन्स' या नियतकालिकात छापून आलं. त्या काळात आईला कुणीतरी ते कात्रण पाठवलं होतं. ते मला त्याच करंड्याखाली घडी घातलेलं सापडलं. मग १९९६ मध्ये बर्लिनमध्ये ९० रुग्णांवर करून पाहिलं, ठळक फरक नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत २७४ रुग्णांवर चार वेगवेगळ्या मात्रा देऊन पाहिल्या, आणि गंमत म्हणजे सगळ्यात लहान, २० मायक्रोग्रॅमच्या मात्रेनेच थोडाफार गुण दिला. त्याहून मोठ्या चाचणीत रिकाम्या औषधाहून सरस काही ठरलं नाही आणि तो रस्ता ओस पडला. आज बाजारात गुडघेदुखीसाठी 'टाइप टू कोलेजन' म्हणून गोळ्या मिळतात, त्या या ओस रस्त्यावरच्या टपऱ्या आहेत. झिजेच्या संधिवातात त्यांचा उपयोग होतो का हा वेगळा वाद. आईच्या आजारावरचं औषध म्हणून त्या घेऊ नयेत, आणि डॉक्टरांनी या आजारावर दिलेली आठवड्याची मेथोट्रेक्सेट त्यांच्या भरवशावर तर मुळीच सोडू नये.

उंदीर जमला आणि माणूस जमला नाही, की आपण सहज म्हणतो, उंदीर कुठे आणि माणूस कुठे. मला ते अर्धंच खरं वाटतं. उंदराचा आणि माणसाचा सांधा इतका काही वेगळा नाही, वेगळी आहे ती रेघ. उंदराच्या रेघेवर दिवस शून्य असतो, कारण तो मी ठरवते. मंगळवारी सकाळी दहा वाजता. त्यामुळे 'आधी' या शब्दाला तिथे अर्थ आहे. आईच्या रेघेवर शून्य कुठे लिहायचं?

नेदरलँड्समध्ये कुणाला तरी एक सुंदर युक्ती सुचली. संधिवात झालेल्या लोकांपैकी ज्यांनी पूर्वी रक्तदान केलं होतं, त्यांच्या रक्ताचे गोठवून ठेवलेले नमुने रक्तपेढीतून बाहेर काढले. अशा ७९ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांच्या रक्तात पहिलं दुखणं सुरू होण्याच्या आधीच, साधारण साडेचार वर्षं आधी, कधी त्याहूनही खूप आधी, आजाराच्या प्रतिपिंडांची, म्हणजे शरीराने स्वतःवरच रोखलेल्या प्रथिनांची, चाहूल होती. म्हणजे माणूस पळतोय, नाचतोय, अंगठी घालतोय, आणि रक्तात शून्य केव्हाच उलटून गेलेलं. आईने कधी रक्तदान केलं नव्हतं. तिचं हिमोग्लोबिन कधी पुरलंच नाही.

आता लोक त्या मधल्या पट्ट्यात शिरू बघतायत: प्रतिपिंडं आहेत, सांधे दुखतात, पण अजून सूज नाही, अशा माणसांत. ब्रिटन आणि नेदरलँड्समध्ये अशा २१३ जणांना वर्षभर अबाटासेप्ट किंवा रिकामं औषध टोचलं. अबाटासेप्ट पेशींच्या चिडण्याला लागणारी दुसरी किल्ली अडवून धरतं. त्याचे निकाल २०२४ मध्ये आले. वर्षअखेर औषधवाल्यांपैकी ६ टक्क्यांना आजार झाला, बाकीच्यांपैकी २९ टक्क्यांना. मग औषध थांबवलं. आणखी वर्षाने २५ आणि ३७. दोन्ही रेघा हळूहळू एकमेकींकडे सरकल्या. आजार पुढे ढकलला गेला, शरीराला ओळख पटली नाही. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला रंजनी थॉमस यांच्या गटाने रुग्णाच्याच पेशी बाहेर काढून, त्या शांत करून, त्यांना सांध्यातल्या प्रथिनांचे तुकडे दाखवून परत टोचायचा प्रयोग केला आणि २०१५ मध्ये छापला. छोटा प्रयोग, १८ रुग्णांचा, पण माझ्या मते दिशा हीच. नुसतं आवरायचं नाही, ओळख करून द्यायची.

यंदा मे महिन्यात आई आणि मी पडवीत बसून काजू सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते, हाताला खोबरेल चोपडून, आणि आई टोपली धरून होती. मी पुन्हा विचारलं, नेमकं कधी सुरू झालं गं? हा प्रश्न मी तिला बऱ्याचदा विचारला आहे आणि दर वेळी उत्तर मागे सरकतं. आधी ती अंगठी म्हणायची. मग म्हणाली, अंगठी नंतरची, धाकट्याच्या जन्मानंतर पाच-सहा महिन्यांनी त्याचे लंगोट पिळताना मनगट धरलं होतं. हे पुस्तकात बसतं. पोटात बाळ असताना, निम्मं परकं असूनही त्याला सांभाळायला, शरीर आवरणाऱ्या पेशी वाढवतं, आणि कित्येक जणींचा संधिवात त्या नऊ महिन्यांत शमतो. मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांनी १९३८ साली अशा बायकांबद्दल लिहिलं आणि त्या धाग्यानेच ते पुढे कॉर्टिसोन या दाह शमवणाऱ्या औषधापर्यंत पोचले. बाळंतपणानंतर पहारा उठतो आणि आजार उसळतो, किंवा पहिल्यांदा तोंड दाखवतो. मी वहीत आईच्या नावाखाली तीच तारीख लिहून ठेवली होती, धाकट्याचं बारसं अधिक पाच महिने.

आई टोपलीतल्या बिया चाळवत राहिली. "त्याच्याही आधी," ती म्हणाली. "तू पोटात नव्हतीस तेव्हाची गोष्ट. नागपंचमीला दिंडं करत होते. पुरण भरून कडा दाबायच्या ना, चिमटीने, तर या दोन बोटांनी दाबल्या जाईनात. सासूबाई म्हणाल्या, नवी सून आहे, हाताला सवय नाही. मलाही तेच वाटलं."

"किती दिवस होतं तसं?"

"दोन दिवस. मग गेलं. विसरून गेले मी."

मी हात पुसले. तेलाने वहीच्या पानावर डाग पडला. जुनी तारीख खोडली आणि आईला विचारलं, लग्नानंतरची पहिली नागपंचमी की दुसरी.

ती आठवत बसली.